हाउसिंग नॅव्हिगेटरचं काम करताय? कुटुंबाचे दिवस खाणाऱ्या या चुका टाळा

हे सगळं कॅलिफोर्नियातल्या कामावरून लिहितेय. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर राज्याचे कायदे वेगळे निघतील, फेडरल नियम मात्र सगळीकडे तेच. ओळखीतल्या काही जणी आता या कामात आल्यात, कुणी सोशल वर्क शिकून, कुणी मुलं मोठी झाल्यावर परत नोकरी धरलीय म्हणून, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, की नेमकं करायचं काय?

तर ज्या कुटुंबाचं घर गेलंय किंवा जायच्या बेतात आहे त्यांच्यासोबत बसून कागद जमवायचे, घर शोधायचं, घरमालकाशी बोलायचं, हाउसिंग ऑथॉरिटीत, म्हणजे भाड्याची सरकारी मदत चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत, फाइल पुढे सरकवायची आणि लीजवर सही झाल्यावरही काही महिने संपर्कात राहायचं. इथे घरं कमी आहेत आणि भाडी अफाट आहेत, ते तुमच्या माझ्या हातात नाही. पण कुटुंबाकडे जे थोडे दिवस असतात ते कुठे खर्च होतात हे बरंचसं आपल्या हातात असतं, आणि मी बघितलेल्या बहुतेक चुका शेवटी दिवस वाया घालवणाऱ्याच आहेत.

घर मिळालं की कागद करू

नाही, उलटं करा. पहिल्याच भेटीत घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, मोठ्यांचा फोटो आयडी, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, काही मदत मिळत असेल तर त्याचं पत्र, यातलं काय आहे आणि काय नाही ते लिहून काढा आणि जे नाही त्याचा अर्ज त्याच दिवशी टाका. गाडीत राहणाऱ्या कुटुंबाचे कागद भिजलेले असतात, हरवलेले असतात, नाहीतर भाडं थकल्यामुळे कुलूप लागलेल्या स्टोरेजमध्ये अडकलेले असतात, आणि दुसऱ्या राज्यातून जन्मदाखला मागवायचा तर आठवडे जातात. इथे बेघर असलेल्यांना कॅलिफोर्नियातल्या जन्मदाखल्याची प्रत आणि स्टेट आयडी दोन्ही फुकट मिळतात, फक्त ठरलेल्या फॉर्मवर आपल्यासारख्या संस्थेची सही लागते. हे बऱ्याच नव्या लोकांना माहीतच नसतं आणि ती माणसं पोटाला चिमटा काढून फी भरत बसतात. पगाराची स्लिप जुनी झाली की चालत नाही, म्हणून ती दर महिन्याला नवीन मागून घेत राहा.

"तुम्ही तर नातेवाईकांकडे राहताय, मग बेघर कसे?"

हे वाक्य कुणाच्याही तोंडावर बोलू नका, कारण उत्तर कुठला नियम लावताय त्यावर अवलंबून आहे. हडच्या, म्हणजे फेडरल हाउसिंग खात्याच्या व्याख्येत गाडीत, रस्त्यावर किंवा शेल्टरमध्ये राहणारं कुटुंब थेट बसतं. मोटेलचं भाडं सरकार किंवा एखादी संस्था भरत असेल तरी बसतं, पण तेच भाडं कुटुंब स्वतःच्या खिशातून भरत असेल तर त्या कलमात बसत नाही. बहिणीच्या हॉलमध्ये चार जण झोपत असतील तरी लगेच बसत नाही. पण राहतं ठिकाण १४ दिवसांत सुटणार असेल, पुढे जायला जागा नसेल आणि पैसेही नसतील तर दुसऱ्या कलमात बसतं, मग त्या बहिणीकडून अमुक तारखेला निघावं लागेल असं पत्र घेतलं की दार उघडतं. हे पत्र न मागताच कुटुंबाला परत पाठवलं की झालं, ते परत येतं तेव्हा गाडीत राहत असतं.

शाळेची व्याख्या मात्र मोठी आहे. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली नाइलाजाने दुसऱ्याच्या घरात किंवा स्वतःच्या पैशाने मोटेलमध्ये राहणारी मुलंही बेघर धरली जातात. त्यांना जुन्याच शाळेत राहायचा हक्क आहे, शाळेपर्यंत जायची सोय मागता येते आणि कागद अपुरे असले तरी शाळेत नाव घालावंच लागतं. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी नेमलेली व्यक्ती असते, लिएझन म्हणतात. तिला पहिल्याच आठवड्यात फोन करा. घाईघाईत मुलांची शाळा बदलून मोकळे होणारे लोक मी बघितलेत आणि मला ते अजिबात पटत नाही. घर गेलेल्या मुलाकडे वर्ग आणि मित्र एवढंच जुनं उरलेलं असतं.

आणि पुरावा नाही म्हणून शेल्टरचा दरवाजा बंद करायचा नसतो. आधी तिसऱ्या माणसाचं लेखी पत्र बघायचं, ते नसेल तर आपण स्वतः काय पाहिलं ते लिहायचं, आणि तेही शक्य नसेल तर कुटुंबाचं स्वतःचं लेखी निवेदन चालतं, फक्त पुरावा मिळवायला काय काय केलं ते फाइलमध्ये नोंदवून ठेवायचं.

यातच अजून एक. कोऑर्डिनेटेड एंट्रीच्या मुलाखतीत, म्हणजे जिथे कुणाची गरज किती तातडीची ते ठरतं तिथे, बरीच कुटुंबं आपली परिस्थिती झाकतात, आपल्याकडची तर जास्तच, "तसं बरं चाललंय हो" म्हणतात, आणि यादीत मागे पडतात. खोटं बोलायला कधीच शिकवू नका, पण प्रश्न कशासाठी विचारतायत, उत्तर कुठे जातं, कोण बघतं, हे आधी नीट समजावून सांगा. लाज वाटणाऱ्या माणसाला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

भाड्याचं गणित न करता घर दाखवायला नेणं

सगळ्यात जास्त मनस्ताप यात आहे म्हणून सविस्तर सांगते. हाउसिंग चॉइस व्हाउचर, म्हणजे खाजगी घराच्या भाड्यातला काही भाग सरकारने भरायची मदत, ज्याला सगळे सेक्शन ८ म्हणतात, ते हातात पडलं की घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात. काही हाउसिंग ऑथॉरिटी जास्त देतात, मुदतवाढ बहुतेक वेळा त्यांच्या मर्जीवर, पण घरात कुणाला अपंगत्व असेल आणि त्यामुळे शोधायला जास्त वेळ लागत असेल तर ती हक्काने मागता येते. मुदत संपायच्या आदल्या दिवशी नाही, आधीच, आणि लेखी.

आता गणित. समजा पेमेंट स्टँडर्ड, म्हणजे तेवढ्या बेडरूमसाठी मदतीच्या हिशोबात हाउसिंग ऑथॉरिटी धरते तो कमाल आकडा, ३,००० डॉलर आहे आणि कुटुंबाचं वजावटीनंतरचं महिन्याचं उत्पन्न १,५०० डॉलर. त्याचे ३० टक्के म्हणजे ४५० कुटुंबाने भरायचे आणि हाउसिंग ऑथॉरिटी जास्तीत जास्त २,५५० देणार. घर मिळालं ३,०५० ला, आणि लाइट-गॅस भाडेकरूने भरायचे असल्यामुळे त्याचे १५० धरले की एकूण झाले ३,२००. कुटुंबाचा वाटा ६५०. पण पहिल्यांदा घर घेताना एकूण भाडं पेमेंट स्टँडर्डच्या वर गेलं की कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे ६००. फक्त ५० डॉलरसाठी नापास! घर बघून झालेलं असतं, मुलांनी खोल्या वाटून घेतलेल्या असतात. तेच आधी गणित करून घरमालकाला "भाडं ३,००० कराल का?" विचारलं असतं तर एकूण ३,१५०, वाटा बरोबर ६००, पास. बरेच मालक ५० डॉलरसाठी अडून बसत नाहीत, विचारायला मात्र हवं.

लाइट-गॅसचे धरलेले पैसे विसरणं ही तर कायमची चूक. दुसरी म्हणजे दोन बेडरूमचं व्हाउचर घेऊन तीन बेडरूमचं घर बघायला जाणं. घेता येतं, पण पेमेंट स्टँडर्ड दोन बेडरूमचंच लागतं. शिवाय आजूबाजूच्या तशाच घरांच्या मानाने भाडं वाजवी आहे का ते हाउसिंग ऑथॉरिटी वेगळं तपासते. आणि मालक म्हणाला की लीजवर ३,००० लिहू, वरचे १०० मला कॅशने द्या, तर सरळ नाही म्हणा, कारण हे बेकायदा आहे आणि यात कुटुंबाचं व्हाउचर जाऊ शकतं. नवीन जागेच्या आनंदात माणसं हो म्हणून बसतात, म्हणून हे घर बघायला जायच्या आधीच सांगून ठेवा.

एक दिलासा पण आहे. टेनन्सी मंजुरीचा अर्ज हाउसिंग ऑथॉरिटीत दिला की त्या दिवसापासून लेखी उत्तर येईपर्यंत मुदतीचे दिवस थांबतात. म्हणून अर्ज ज्या दिवशी दिला त्याची पोच जपून ठेवा.

"सेक्शन ८ घेत नाही" ऐकून फोन ठेवणं

१ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात एसबी ३२९ हा राज्याचा कायदा लागू आहे, व्हाउचर हे उत्पन्नाचं साधन धरलं जातं आणि फक्त त्यावरून नाही म्हणता येत नाही. "भाड्याच्या तिप्पट इन्कम दाखवा" हेही पूर्ण भाड्यावर लावता येत नाही, कुटुंबाच्या वाट्यावरच लावायचं असतं, म्हणजे वरच्या उदाहरणात ३,००० भाड्यातून हाउसिंग ऑथॉरिटीचे २,५५० गेल्यावर उरलेल्या ४५० च्या तिप्पट, लाइट-गॅसचे १५० यात येत नाहीत. आणि २०२४ पासून एसबी २६७ मुळे सरकारी मदत घेणाऱ्या अर्जदाराला क्रेडिट हिस्ट्रीऐवजी भाडं भरायची ऐपत दुसऱ्या कागदांनी दाखवायची मुभा द्यावी लागते. डिपॉझिट १ जुलै २०२४ पासून एका महिन्याच्या भाड्याइतकंच, अगदी छोट्या मालकांना दोन महिन्यांपर्यंत सूट आहे.

पण कायदा माहीत झाला म्हणून पहिल्याच फोनवर कलमं वाचून दाखवू नका. बऱ्याच छोट्या मालकांना खरंच माहीत नसतं, त्यांना इन्स्पेक्शनची, म्हणजे हाउसिंग ऑथॉरिटी घर तपासते त्याची, धास्ती असते, पैसे उशिरा येतील असं वाटतं. आधी शांतपणे समजावा, मग ईमेलने लेखी पाठवा, आणि तरीही अडून बसले तर भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे तक्रार करायला कुटुंबाला मदत करा. तक्रार करायची की नाही हा निर्णय त्यांचा. अर्ज नाकारताना स्क्रीनिंग रिपोर्टचं, म्हणजे भाडेकरूच्या जुन्या नोंदी तपासून बनवलेल्या रिपोर्टचं, कारण दिलं असेल तर त्याची लेखी नोटीस मागा, ६० दिवसांत तो रिपोर्ट फुकट मिळतो, आणि सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची भानगड त्यात चिकटलेली सापडू शकते.

नोटीस आली की सामान बांधा म्हणणं

हे तर करूच नका. तीन दिवसांची नोटीस म्हणजे तीन दिवसांत घराबाहेर, असं नसतं. भाडं थकल्याची नोटीस असेल तर त्या तीन दिवसांत शनिवार, रविवार, कोर्टाच्या सुट्ट्या धरत नाहीत, आणि मालकाला नंतर कोर्टात केस करावीच लागते. कोर्टाचे कागद हातात आले की उत्तर द्यायला १ जानेवारी २०२५ पासून १० कोर्ट दिवस मिळतात, आधी ५ होते. कुलूप बदलणं, पाणी तोडणं मालकाला करता येत नाही, घर रिकामं शेरीफच करू शकतो. उत्तर न देता निघून गेलं तर निकाल विरुद्ध लागतो आणि तो रेकॉर्ड पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. केस दाखल झाल्यापासून ६० दिवसांत मालक जिंकला नाही तर केसची नोंद लोकांना दिसत नाही, म्हणून उत्तर देऊन लढण्याला फार किंमत आहे. त्याच दिवशी लीगल एडला, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला, फोन. आपण वकील नाही, फॉर्म भरून सल्ले देत बसू नका.

इन्स्पेक्शनच्या आधी राहायला जाणं

सहसा पास होईपर्यंत हाउसिंग ऑथॉरिटीचे पैसे सुरू होत नाहीत आणि मधलं पूर्ण भाडं कुटुंबाच्या डोक्यावर बसू शकतं. आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघून या. स्मोक अलार्म वाजतो का, कार्बन मोनॉक्साइडचा आहे का, खिडक्या नीट लागतात का, शेगडीचे सगळे बर्नर पेटतात का, गरम पाणी येतं का. घर १९७८ च्या आधीचं असेल आणि सहा वर्षांखालचं मूल असेल तर सुटलेल्या रंगाचे पोपडे आधी काढून घ्यायला सांगा, त्या जुन्या रंगात शिसं असू शकतं.

"तीन घरं दाखवली, तिन्ही नको म्हणतायत"

असं टीम मीटिंगमध्ये वैतागून बोललं जातं आणि मला दर वेळी वाईट वाटतं. का नको ते विचारलं का? आईची नाइट शिफ्ट असते आणि रात्री अकरानंतर तिथून बस नसते, मुलाच्या थेरपीची जागा दोन तास लांब पडते, किंवा त्या गल्लीत असा कुणीतरी राहतो ज्याच्यापासून ती पळून आलीय. हे पहिल्या भेटीत विचारलं असतं तर तीन चकरा वाचल्या असत्या. ज्याला घर नाही त्याने मिळेल ते घ्यावं, हा विचार डोक्यातून काढूनच या कामात या, कारण नको असलेल्या घरातून कुटुंब लवकर बाहेर पडतं आणि मग सगळं पहिल्यापासून.

चावी दिली की गायब होऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत घरमालकाला एकदा आणि कुटुंबाला दर महिन्याला फोन करा. उत्पन्न बदललं तर हाउसिंग ऑथॉरिटीला कळवायचं असतं हे आठवण करून द्या.

घरातल्या मारहाणीतून आलेल्या बाईची माहिती नेहमीच्या पद्धतीने भरणं

मराठी नॅव्हिगेटरकडे आपल्या बायका येतात त्या बऱ्याचदा यासाठी, आणि समाजात बातमी फुटायची भीती त्यांना मारहाणीइतकीच असते. ती हडच्या वेगळ्या कलमात बसते, तिला १४ दिवसांची अट लागत नाही. मारहाणीतून आलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना कायद्याने बेघर लोकांच्या नोंदी ठेवायच्या नेहमीच्या एचएमआयएस डेटाबेसमध्ये तिची माहिती भरता येत नाही, त्यांची वेगळी यंत्रणा असते, म्हणून तिला आधी तिथे जोडून द्या आणि तुमच्या सिस्टिममध्ये काय भरायचं ते तिच्या संमतीने ठरवा. बे एरियात मैत्री आणि नारिका, न्यू जर्सीत मानवी, या दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्था कित्येक वर्षं काम करतायत. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसाला जोडून आलेली, असेल तर "इंडियाला परत जा" किंवा "तुला काहीच मिळणार नाही" असं आपल्या मनाने बोलू नका, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलणं करून द्या. तिच्या नवऱ्याला, सासूला किंवा मंडळातल्या कुठल्या काकूंना "मध्यस्थी करा" म्हणून फोन तर चुकूनही नको. आणि नवीन पत्ता गुप्त ठेवायचा असेल तर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा सेफ अ‍ॅट होम कार्यक्रम आहे, त्यात पर्यायी पत्ता मिळतो आणि सरकारी कागदांवर तोच वापरता येतो. त्याचा अर्ज शक्यतो घर बदलायच्या आधीच सुरू करा, नाहीतर नवा पत्ता तोवर चार ठिकाणी लिहिला गेलेला असतो.