स्वस्त डोंगल, साधी तार आणि मेटिऑरची चित्रं

हवामान उपग्रहाचं चित्र घरच्या घरी कसं पकडायचं याच्या ज्या कृती इंटरनेटवर सापडतात, त्यातल्या बऱ्याच आता कालबाह्य झाल्या आहेत. त्या नोआ १५, १८ आणि १९ या अमेरिकी उपग्रहांसाठी लिहिलेल्या होत्या आणि हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आज नवशिक्याने धरावेत ते रशियाचे मेटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४. पहिला जून २०२३ मध्ये सोडला, दुसरा फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यांचं प्रक्षेपण डिजिटल आहे, त्यामुळे चित्र नोआपेक्षा खूप सुस्पष्ट येतं. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण एक किलोमीटर. मात्र सिग्नल कमी पडला तर नोआसारखं खरखरीत चित्र मिळत नाही, त्या जागी सरळ काळा पट्टा येतो. म्हणून अँटेना आणि गेन (रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते) या दोन गोष्टींकडे इथे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं. डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, कुठलाही चालतो.

डोंगल

आरटीएल२८३२यू ही रिअलटेकची चिप मुळात लॅपटॉपवर डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली. २०१२ मध्ये असं लक्षात आलं की ती टीव्हीचं डीकोडिंग बाजूला ठेवून अँटेनातून आलेले कच्चे नमुने (सिग्नलची क्षणोक्षणी घेतलेली मापं) थेट कॉम्प्युटरला देऊ शकते. पुढे ऑस्मोकॉम प्रकल्पातून त्यासाठी मुक्त ड्रायव्हर तयार झाला आणि आजचं बहुतेक स्वस्त एसडीआर (सॉफ्टवेअरच्या मदतीने चालणारा रेडिओ) त्याच ड्रायव्हरवर चालतं. चिपसोबत आर८२०टी२ ट्यूनर असेल तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. नमुने घेण्याचा वेग कागदोपत्री सेकंदाला ३२ लाख असला, तरी नमुने न गळता भरवशाने चालतो तो २४ लाखांपर्यंत.

मर्यादा आठ बिटांची आहे, म्हणजे प्रत्येक नमुना २५६ पायऱ्यांतच मोजला जातो. एकाच वेळी अतिशय जोरदार आणि अतिशय क्षीण असे दोन्ही सिग्नल हा डोंगल नीट पकडू शकत नाही. शहरातल्या एफएम स्टेशनांच्या गर्दीत उपग्रहाचा आवाज बुडतो, त्याचं एक मूळ इथे आहे.

विकत घेताना दोन गोष्टी पाहा. फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा) असेल तर चूक साधारण एक पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या आत राहते. साध्या क्रिस्टलचे डोंगल ३० ते ८० पीपीएमपर्यंत सरकलेले असतात आणि तापले की आणखी सरकतात. दुसरी गोष्ट कनेक्टरची. डोंगलवर एसएमए (आट्यांचा छोटा कनेक्टर) असेल तर केबलही एसएमएचीच घ्या. वायफाय राउटरचे कनेक्टर दिसायला अगदी तसेच असतात, आटेही बसतात, पण त्या आरपी-एसएमए प्रकारात पिन उलट बाजूला असते. मग मधली तार टेकतच नाही आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत राहतो. व्ही४ नावाचा नवा डोंगल घेतला असेल तर त्याला ताजा ड्रायव्हर लागतो. लिनक्सच्या जुन्या आवृत्तीबरोबर आलेल्या ड्रायव्हरवर तो सुरू झालेला दिसतो, पण जवळजवळ बहिरा असतो.

ड्रायव्हर

विंडोजवर डोंगल लावल्यावर झाडिग हा ड्रायव्हर बसवणारा प्रोग्रॅम उघडा, ऑप्शन्समध्ये सगळी उपकरणं दाखवायला सांगा, ‘बल्क-इन, इंटरफेस ०’ निवडा आणि विनयूएसबी ड्रायव्हर बसवा. इथे चुकून माउस किंवा कीबोर्ड निवडला गेला तर तो बंद पडतो, म्हणून नाव दोनदा वाचा.

लिनक्सवर आरटीएल-एसडीआर हे पॅकेज घ्यायचं. डोंगल लावताच कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचं मॉड्यूल चढवतो आणि मग ‘क्लेम इंटरफेस एरर -६’ असा संदेश येतो. त्याचा अर्थ एवढाच की डोंगल आधीच दुसऱ्याच्या ताब्यात आहे. डीव्हीबी यूएसबी आरटीएल२८एक्सएक्सयू हे मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये टाका, म्हणजे ते आपोआप चढणार नाही, आणि मशीन पुन्हा सुरू करा. एरर -३ आली तर अडचण परवानगीची असते. त्यासाठी यूडेव्हचे नियम (यूएसबी उपकरण कोण वापरू शकतं ते ठरवणारी फाइल) बसवून डोंगल काढून पुन्हा लावायचा.

यानंतर आरटीएल-टेस्ट हा छोटा प्रोग्रॅम मिनिटभर चालवा. सुरुवातीला थोडे बाइट हरवल्याचं दिसलं तर हरकत नाही. सतत हरवत असतील तर यूएसबी हब काढा, व्हर्च्युअल मशीन वापरू नका आणि वेग कमी करा.

आधी एफएमवर हात बसवा

उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा येतो, एफएम कायम असतं. म्हणून गेन समजून घ्यायला एफएम चांगलं. एसडीआर++ किंवा जीक्यूआरएक्स हा रेडिओ ऐकण्याचा प्रोग्रॅम उघडा, वेग २.४ मेगा ठेवा, दोन्ही एजीसी (गेन आपोआप बदलणाऱ्या सोयी) बंद करा आणि मुंबईत असाल तर १००.७ किंवा १०७.१ वर आकाशवाणी लावा. आता गेन शून्यापासून हळूहळू वर न्या. पडद्यावरच्या आलेखात आधी स्टेशनचा डोंगर उंच होत जातो आणि खालची गोंगाटाची रेघ जागेवर राहते. पुढे एका टप्प्यानंतर दोन्ही बरोबरीने वर चढू लागतात. योग्य गेन त्या टप्प्याच्या किंचित अलीकडे. आर८२०टी२ चा गेन ४९.६ डेसिबलपर्यंत जातो, पण शहरात तिथवर जायची वेळ क्वचितच येते.

जिथे स्टेशन असायलाच नको तिथेही गाणी ऐकू आली तर ट्यूनर ओव्हरलोड झाला आहे. गेन थोडा उतरवून पाहा. खरं स्टेशन थोडंच खाली येतं, भुताटकीचं स्टेशन झपकन नाहीसं होतं. ज्यांच्या गच्चीतून एफएमचा मनोरा दिसतो त्यांनी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर घ्यावाच. १३७ साठी त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा महागड्या डोंगलचाही होत नाही.

फ्रिक्वेन्सीची चूक मोजण्याआधी डोंगल पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून तापू द्या. कॅलिब्रेट-आरटीएल हा प्रोग्रॅम जवळच्या ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएम मनोऱ्यावरून पीपीएमचा आकडा काढून देतो. ५० पीपीएम चूक म्हणजे १३७.९ वर जवळपास सात किलोहर्ट्झ. मेटिऑरचा सिग्नल साधारण सव्वाशे किलोहर्ट्झ रुंद असल्याने एवढ्याने काम अडत नाही, पण आकडा भरून ठेवला तर डीकोडर लवकर पकड घेतो.

अँटेना

लागतं ते असं: तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पितळेच्या किंवा तांब्याच्या दोन सळया, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी स्क्रूची कनेक्टर पट्टी, एक लाकडी फळी, पीव्हीसी पाइप आणि दहा मीटर आरजी-६ केबल, म्हणजे डिशची तीच काळी किंवा पांढरी केबल. ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० चा, म्हणून लोक कचरतात. त्या विजोडपणाने होणारं नुकसान पाव डेसिबलपेक्षाही कमी आहे. दहा मीटर आरजी-६ मध्ये १३७ वर एक डेसिबलही जात नाही, तेवढ्याच लांबीच्या बारीक आरजी-१७४ मध्ये मात्र तीनच्या आसपास जातात, म्हणजे निम्मा सिग्नल.

आरजी-६ ची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर साधं कथील धरत नाही. कितीही तापवा, गोळी घरंगळून खाली पडते आणि मधलं इन्सुलेशन वितळून बसतं. म्हणून डाग देण्याच्या फंदात पडू नका. जाळी पिळून तिची वेणी करा, कनेक्टर पट्टीच्या एका भोकात घाला, मधली तार दुसऱ्या भोकात घाला आणि समोरून सळया घालून स्क्रू आवळा. पावसाळ्यात हाच सांधा सगळ्यात आधी गंजतो, त्यावर सिलिकॉन भरा.

सळया कापताना स्क्रूखाली जाणारा भाग धरून थोडी जास्त लांबी ठेवा. पट्टीपासून टोकापर्यंत प्रत्येक सळई ५३.४ सेंटिमीटर भरली पाहिजे. दोन्ही सळया आडव्या, एकाच पातळीत, त्यांच्यात १२० अंशांचा कोन. कोनमापक शोधत बसू नका. मध्यापासून दोन्हीकडे ३० सेंटिमीटरवर खूण करा, खुणांमधलं अंतर ५२ सेंटिमीटर आलं की कोन बरोबर. व्ही आकार उत्तर-दक्षिण दिशेला तोंड करून बसवा, कारण उपग्रह ध्रुवांवरून जातो. केबलचे चार-पाच वेढे अँटेनाजवळच गुंडाळून बांधा, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगाने येणारा गोंगाट कमी होतो.

व्ही आडवा ठेवण्यामागे कारण आहे. जमिनीवरची बरीच प्रक्षेपणं उभ्या ध्रुवीकरणाची (लहरी उभ्या दिशेत डोलणारी) असतात, आडवी अँटेना ती बऱ्याच अंशी टाळते. उपग्रहाचा सिग्नल वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा असल्याने त्यातले तीन डेसिबल आपण गमावतो, पण त्या बदल्यात मिळणारी शांतता जास्त मोलाची आहे.

जागा

आकाश जितकं मोकळं तितकं चित्र लांब. गच्चीवर लिफ्टची मोटर, सोलर इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे यांपासून होईल तेवढं दूर बसा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारताना माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी असणं हा जागेच्या निवडीतला महत्त्वाचा मुद्दा होता. आपल्या गच्चीवरही तोच नियम. लॅपटॉप स्वतःच गोंगाट करतो, म्हणून डोंगल त्याला थेट न खोचता दोन मीटरच्या यूएसबी केबलने लांब ठेवा आणि चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चार्जर काढताच गोंगाटाची रेघ खाली उतरली तर चोर सापडला.

एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर) घ्यायचा असेल तर तो अँटेनापाशी बसवायचा, डोंगलपाशी नाही, आणि शहरात फिल्टरशिवाय लावायचा नाही. त्याला बायस-टीमधून (अँटेनाच्या केबलमधूनच वीज पाठवण्याची सोय) साडेचार व्होल्ट देताना अँटेनात डीसी शॉर्ट नाही हे मल्टिमीटरने तपासा.

फेरी पकडणं

सॅटडंप हा उपग्रहाच्या सिग्नलचं चित्र करणारा मुक्त प्रोग्रॅम बसवा आणि त्यातली कक्षेची माहिती अद्ययावत करा. ट्रॅकिंगमध्ये स्वतःच्या जागेचे अक्षांश-रेखांश भरले की फेऱ्यांच्या वेळा दिसतात. सुरुवातीला ज्या फेरीत उपग्रह क्षितिजापासून ४० अंशांच्या वर चढतो तीच निवडा. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ती साधारण पंधरा मिनिटं चालते. एन२-४ ने सुरुवात करा. एन२-३ ची अँटेना अंतराळात पूर्ण उलगडली नाही, त्यामुळे त्याचा सिग्नल मध्येच क्षीण होतो.

रेकॉर्डरमध्ये डोंगल निवडा, फ्रिक्वेन्सी १३७.९ मेगाहर्ट्झ, वेग एक मेगाच्या आसपास, गेन एफएमवर शिकलात तसा. प्रक्रियेच्या यादीतून ‘मेटिऑर एम२-एक्स एलआरपीटी ७२के’ निवडा, फोल्डर द्या आणि उपग्रह उगवायच्या मिनिटभर आधी सुरू करा. वॉटरफॉलमध्ये (सरकत जाणाऱ्या रंगीत आलेखात) सपाट माथ्याचा रुंद पट्टा दिसू लागेल. १३७.९ वर काहीच नसेल तर १३७.१ पाहा, उपग्रह अधूनमधून फ्रिक्वेन्सी बदलतात.

पट्टा दिसल्यावर नजर ठिपक्यांच्या चौकटीवर ठेवा. आधी सगळे ठिपके एकाच ढगात असतात, मग त्याचे चार पुंजके होतात आणि खाली विटर्बी व डीफ्रेमर (डीकोडिंगचे दोन टप्पे) हिरवे होतात. फेरी चालू असताना गेन सारखा हलवू नका, प्रत्येक धक्क्याला पकड सुटू शकते. पट्टा ठळक दिसतो तरी पुंजके वेगळे होत नाहीत, असं झालं तर यादीतून चुकीचा पर्याय निवडलेला असतो किंवा गेन जास्त असतो.

फेरी संपली की थांबवा, चित्रं फोल्डरमध्ये तयार होतात. चित्र उलटं असेल तर उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे गेला, ते १८० अंशांत फिरवा. सहापैकी तीनच चॅनेल एका वेळी पाठवले जातात. दृश्य प्रकाशाचे चॅनेल रात्री काळे येतात, अवरक्त चॅनेल पाठवला जात असेल तर तो रात्रीही चालतो. मध्यभागी काळे पट्टे येत असतील तर त्या वेळी उपग्रह कुठल्या दिशेला होता ते पाहा, बहुतेक वेळा तिकडे पाण्याची टाकी किंवा शेजारची इमारत सापडते. फक्त दोन्ही टोकं कापली गेली असतील तर अँटेना ठीक आहे, उंची वाढवा. मान्सूनपूर्व महिन्यांत अरबी समुद्रावर चक्रीवादळ आलं तर एका चांगल्या फेरीत ते अख्खं चित्रात मावतं.

पुढे

याच अँटेनावर १४५.८ मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची एसएसटीव्ही (रेडिओवरून सावकाश पाठवलेली) चित्रं मिळतात, पण ती ठरलेल्या दिवसांतच. आतली यंत्रणा समजून घ्यायची असेल तर जीएनयू रेडिओत (ब्लॉक जोडून रेडिओ बांधण्याच्या प्रोग्रॅममध्ये) स्वतःचा एफएम रिसीव्हर बांधा: २.४ मेगाचा सोर्स, १०० किलोहर्ट्झचा लो-पास फिल्टर दहाने डेसिमेट करून (दर दहा नमुन्यांतला एकच ठेवून) २४० किलो, मग एफएमचा आवाज काढणारा डब्ल्यूबीएफएम ब्लॉक पाचने डेसिमेट करून ४८ किलोहर्ट्झचा आवाज. भारतात डीएम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले वरचे स्वर परत उतरवणं) ५० मायक्रोसेकंद असतं, त्या ब्लॉकचा मूळ आकडा अमेरिकेचा ७५ असतो. डोंगल असताना थ्रॉटल (वेग आवरणारा) ब्लॉक लावायचा नाही.

डोंगल फक्त ऐकतो. प्रक्षेपण करू शकणारं उपकरण घेतलंत तर परवाना लागतो. पोलीस किंवा लष्कराच्या संभाषणाकडे वळू नका, खुल्या प्रसारणांवरच प्रयोग करा. आणि मे-जूनमध्ये ढग गडगडायला लागले की चित्र अर्धवट सोडून केबल आधी डोंगलमधून काढा आणि तिचं टोक घराबाहेर ठेवा.