घटनादुरुस्त्यांचे नंबर घोकू नका, आधी भांडण समजून घ्या

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू केला तेव्हा मी पहिलं काम काय केलं, तर अभ्यासिकेत टेबलासमोर 42वी, 44वी, 52वी, 61वी असा तक्ता चिकटवला, रोज चहाच्या आधी घोकायचो आणि तरी पेपरात 42 आणि 44 ची अदलाबदल करून आलो. नंबर पाठ होता, ती दुरुस्ती आलीच का हे कधी विचारलं नव्हतं ना!

मग एक सिनियर म्हणाला, एकच धागा पकड, जमिनीचा. शेतकऱ्याचं पोरगं आहेस, लगेच कळेल.

तर झालं असं की जमीनदारी मोडायचे कायदे आले, पाटणा हायकोर्टाने बिहारचा कायदा उडवला, म्हणून 1951 लाच पहिली घटनादुरुस्ती आणि नववं परिशिष्ट, त्यात 13 कायदे टाकले, हेतू हा की कोर्टाने तिकडे बघायचंच नाही. सुप्रीम कोर्टही तेव्हा म्हणालं चालेल. पण 1967 ला गोलकनाथ, पंजाबातल्या जमिनीची केस, 6 विरुद्ध 5, आणि आता कोर्ट म्हणे, संसदेने मूलभूत हक्कांना हात लावायचा नाही. संसदेने 1971 ला 24वी दुरुस्ती करून उत्तर दिलं. मग 1973, केशवानंद भारती, केरळातल्या मठाची जमीन, 13 न्यायाधीश, 68 दिवस सुनावणी आणि निकाल 7 विरुद्ध 6: दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू नका. (ही चौकट म्हणजे काय ते घटनेत कुठेच लिहिलेलं नाही बरं का, कोर्टाने काढलेली गोष्ट आहे.) 1976 च्या 42वीने संसदेच्या अधिकाराला मर्यादाच नाही असं लिहून टाकलं, ते 1980 ला मिनर्व्हा मिल्स केसमध्ये उडालं. गंमत बघा, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड 1973 ला चौकट न मानणाऱ्या त्या सहा जणांत होते आणि 1980 ला सरन्यायाधीश म्हणून बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला, चौकटीच्या बाजूने!

आणि ज्या मालमत्तेच्या हक्कावरून एवढं रामायण झालं तो 1978 च्या 44वीने मूलभूत हक्कांतून काढलाच, आता कलम 300अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून बसलाय. हे कळल्यापासून 42-44 चा घोळ परत झाला नाही.

बेअर ॲक्ट (म्हणजे घटनेचा नुसता मूळ मजकूर) घ्या आणि तळटीपा वाचा, कुठला शब्द कुठल्या दुरुस्तीने घुसला ते तिथेच असतं. पण कलम 21 ला (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) तळटीप सापडणार नाही. वाक्य 1950 पासून तेच, फक्त मनेका गांधी केसनंतर (1978) त्याचा अर्थ फुगत गेला आणि 2017 ला पुट्टास्वामी केसमध्ये प्रायव्हसीही त्यात आली. त्यामुळे 2023 पर्यंतच्या 106 दुरुस्त्या मोजून घटना कशी बदलली ते कळत नाही.

तक्ता अजून आहे, नंबरांशेजारी पेनाने केसेस लिहिल्यात. 61वीसमोर मात्र जागा रिकामी, मतदानाचं वय 21 चं 18 झालं ते कोर्टाशी भांडून नाही. अशा काही सरळ घोकाव्याच लागतात.