ट्रिक ऑर ट्रीटच्या संध्याकाळी या चुका टाळा

न्यू जर्सीतील आमच्या गल्लीत दर वर्षी १ नोव्हेंबरच्या सकाळी नव्याने राहायला आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाकडून तीच तक्रार ऐकू येते, की चार पिशव्या चॉकलेटे आणून ठेवली, दाराशी सांगाडा टांगला, पण हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सोंगे घेऊन ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत मुले घरोघर खाऊ मागत फिरतात तेव्हा, एकही मूल फिरकले नाही. मी फक्त एवढेच विचारते, की दारावरचा दिवा चालू होता का? बहुतेक वेळा तो बंदच असतो, कारण घर भीतिदायक दिसावे म्हणून यांनी मुद्दाम काळोख केलेला असतो. दारावरचा दिवा चालू म्हणजे ‘या’ आणि बंद म्हणजे ‘येऊ नका’ हा इथला अलिखित नियम तीन वर्षांचे मूलसुद्धा पाळते. दाराशी ठेवलेल्या कोरीव भोपळ्यातला मिणमिणता उजेड त्याची जागा घेऊ शकत नाही. हालचाल जाणवली की लागणाऱ्या दिव्यावरही विसंबू नये, कारण रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो बंदच दिसतो. आमच्या घरी दिसेल तो दिवा मालवण्याची सवय सर्वांच्या हाडीमाशी भिनलेली असल्यामुळे मी त्या दिवशी दुपारीच बटणावर चिकटपट्टी लावून टाकते.

वेळेचा अंदाजही असाच चुकतो. इथली घड्याळे 2007 पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे 31 ऑक्टोबरला सूर्य मावळायला जवळजवळ सहा वाजतात आणि अगदी लहान मुले त्याआधी, उजेड असतानाच येऊन जातात. साडेसहाला कामावरून घरी येऊन सजावटीला लागणाऱ्यांच्या वाट्याला मग फक्त मोठी, दाढी फुटलेली पोरे येतात.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, आणि ती अतिशय प्रेमाने केलेली होती. पहिल्या वर्षी, दिवाळीच्या फराळातले बेसनाचे लाडू मी छोट्या पिशव्यांत भरले, प्रत्येकीला नारिंगी फीत बांधली आणि तीस-पस्तीस मुलांना वाटले. मुलांनी शिकवल्याप्रमाणे ‘थँक यू’ म्हटले. दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा रस्त्यालगत नेऊन ठेवताना शेजारच्या कुंपणाशी त्या नारिंगी फिती दिसल्या, पुढच्या वळणावर आणखी काही दिसल्या, आणि एक लाडू खार दोन्ही हातांत धरून मन लावून खात होती. दोन दिवस माझ्या घशाखाली लाडू उतरला नाही. पुढे एका शेजारणीने संकोचत कारण सांगितले: अनोळखी घरातला, कंपनीचे वेष्टन नसलेला खाऊ येथील पालक मुलांना खाऊच देत नाहीत. या भीतीचे मूळ अनोळखी लोक खाऊत विष घालतात अशा अफवांत आहे. 1974 मध्ये टेक्सासमध्ये हॅलोविनच्या रात्री एक मुलगा विष घातलेल्या खाऊने खरोखरच दगावला, पण ते विष त्याच्या स्वतःच्या बापाने विम्याच्या पैशांसाठी घातलेले होते. तरीही सवय पडली ती पडलीच.

माझ्या लाडवांत काजू होते, ही खरी काळजीची गोष्ट मला त्या वेळी सुचलीही नव्हती. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध यांची जीवघेणी ॲलर्जी असलेली मुले इथे प्रत्येक वर्गात भेटतात, आणि 1 जानेवारी 2023 पासून तर तिळाचाही समावेश वेष्टनावर ठळकपणे सांगाव्या लागणाऱ्या घटकांत झालेला आहे. लहान चॉकलेटांच्या वेष्टनावर बहुतेकदा घटकांची यादी छापलेली नसते, ती मोठ्या पिशवीवर असते. म्हणून पिशवी फाडून फेकू नये, टोपलीखाली ठेवावी, म्हणजे कोणा आईने विचारले तर तोंडघशी पडावे लागत नाही. खोडरबर, छोट्या वह्या अशा न खाण्याच्या वस्तूंची वेगळी परडी ठेवून दाराशी निळसर-हिरवा भोपळा मांडण्याची प्रथा 2014 पासून देशभर रुजली आहे. असा भोपळा मांडून आत फक्त शेंगदाण्याची चॉकलेटे ठेवणारे घरही मी पाहिले आहे. त्यापेक्षा तो न मांडलेला बरा.

दिवाळी आणि हॅलोविन जवळ आले की आपल्या लोकांना दोन्ही सण एकाच पायरीवर साजरे करण्याची घाई होते. 2024 मध्ये इकडे बऱ्याच घरांत लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरलाच होते. मी रस्त्यापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना तेलाच्या पणत्या लावल्या आणि पायरीवर संस्कारभारतीची मोठी रांगोळी काढली. रांगोळी पहिल्या दहा मिनिटांत पुसली गेली, त्याचे काही नाही. परंतु चेटकिणीचा घोळदार झगा घातलेली चार-पाच वर्षांची एक मुलगी टोपलीकडे पाहत धावत आली आणि झग्याची कड पणतीवरून गेली. तिच्या वडिलांनी क्षणात आपला कोट टाकून आग विझवली, पोरीला काही झाले नाही, पण करपलेल्या कापडाचा तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. हे पोशाख बहुतेक पॉलिएस्टरचे असतात; ते पेटले की वितळून कातडीला चिकटतात. तेव्हापासून माझ्या तेलाच्या पणत्या देवघरात असतात, आणि वाटेवर व भोपळ्यात बॅटरीचे दिवे. त्यात शोभा नाही असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

भोपळा पंधरा दिवस आधी कोरू नये. तो आठवड्याभरात बुरसून बसतो आणि उरलेला खारी संपवतात. दोन दिवस आधी कोरावा आणि आतला गर अगदी खरवडून काढावा. ओला पाचोळा झाडावा, पाण्याची नळी गुंडाळून ठेवावी, विजेच्या माळेची वायर वाटेवरून आडवी नेऊ नये. मुखवट्यातून पाहणाऱ्या मुलाला पायाखालचे काही दिसत नाही. कुत्रा आतल्या खोलीत ठेवावा, आणि चॉकलेटे त्याच्या तोंडापासून दूर, कारण ती त्याला विषारी असतात.

‘एकच घ्या’ अशी पाटी लावून भरलेली टोपली पायरीवर ठेवून बाहेर जाणाऱ्यांविषयी मी फार लिहीत नाही. तिसऱ्या मुलापर्यंत ती रिकामी झालेली असते, आणि स्वतःला पाहुण्यांसाठी अर्धा तास नसेल तर दिवा बंद ठेवणे अधिक सभ्यपणाचे आहे. मी दाराशी खुर्ची टाकून बसते, प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःच्या हाताने दोन-दोन घालते, साडेसातनंतर एक-एक. शेवटचे चॉकलेट गेले की चिकटपट्टी काढून बटण बंद करते.