जुन्या चौकटीतले सागवान, शिंपला आणि पारदर्शक रेझिन : लाकडी पेन घडवण्याची रीत

ठाण्यात नौपाडा-चरईच्या बाजूला जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जातात, तेव्हा दारांच्या सागवानी चौकटी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताना दिसतात. त्यांतला वीतभर तुकडा एका पेनाला पुरतो आणि कित्येक वर्षे घरात मुरलेले हे लाकूड वखारीतून नुकत्याच आणलेल्या फळीपेक्षा अधिक भरवशाचे असते. मात्र करवत लावण्यापूर्वी त्यावरून चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवावे, कारण रंगाच्या थराखाली मोडून राहिलेले एखाद्या खिळ्याचे टोक करवतीचे दात पाहता पाहता घालवते.

पहिल्या पेनासाठी 7 मिलिमीटर व्यासाच्या पितळी नळ्या असलेला, पिळून उघडणारा साधा संच घ्यावा. त्यात दोन नळ्या, टोक, फिरकीची यंत्रणा, मधली कडी, क्लिप, माथ्याची टोपी आणि रिफिल एवढेच असते. लाकडाचा ठोकळा साधारण 20 मिलिमीटर जाड व रुंद आणि 130 मिलिमीटर लांब कापावा.

आता या कामातला सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग, तो म्हणजे ओल. खाडीकाठच्या आपल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, जुने लाकूडसुद्धा दमट हवेतली ओल शोषून बसते. अशा लाकडावर रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारे पातळ इपॉक्सी, ओतले तर सांध्याजवळ बुडबुड्यांची बारीक साय धरते, आणि पुढे लाकूड आकसले की रेझिनपासून सुटते. ओलमापक यंत्र नसेल तर सराफी वजनकाटा पुरतो. ठोकळ्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहावे, सिलिका जेलच्या पुड्यांसह तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि चार-चार दिवसांनी पुन्हा तोलावा. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन तेच आले की लाकूड तयार झाले असे समजावे. ओव्हनमध्ये घालून घाई केल्यास ठोकळ्याला टोकाकडून चिरा जातात.

जडणकामाचे दोन प्रकार नवशिक्याला जमण्यासारखे आहेत. पहिल्यात ठोकळ्याला तिरका छेद देऊन त्यात शिसमाची किंवा अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याची पट्टी चिकटवायची. दुसऱ्यात लाकडाची एक बाजू पटाशीने ओबडधोबड फोडायची आणि राहिलेल्या पोकळीत शिंपल्याचे तुकडे मांडून वरून पारदर्शक रेझिन ओतायचे. एकाच पेनात पट्टी, शिंपला, पितळेचा कीस आणि रंगीत पूड असे सगळे कोंबण्याचा मोह होतो, पण कातल्यानंतर पेनाची जाडी जेमतेम करंगळीएवढी उरते आणि तेवढ्या जागेत एकच गोष्ट नीट दिसते. शिंपला फोडताना तो कापडात गुंडाळावा आणि त्याची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क बांधावा.

सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून चिकटवण्याचा पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून अ‍ॅसिटोन पूर्ण उडून जाऊ द्यावे. नंतर लाकडाच्या फोडलेल्या बाजूवर रेझिनचा पातळ हात ब्रशने फिरवावा, म्हणजे छिद्रांतली हवा त्याच थरात अडकून राहते. तो थर चिकट असतानाच, पण बोटाला लागत नाही अशा अवस्थेत मुख्य ओतकाम करावे. लाकूड ठेवून रेझिन ओतण्याचा साचा वर दिलेल्या ठोकळ्याच्या मापाचा असेल, तर त्यात एकूण 52 मिलिलिटर जागा असते. त्यातली निम्मी लाकडाने व्यापली तर सुमारे 29 ग्रॅम मिश्रण लागते. रेझिन आणि हार्डनर यांचे वजनाने दोनास एक असे प्रमाण असेल तर त्यात हार्डनर दहा ग्रॅमच्याही आत येतो, म्हणजे एका ग्रॅमची चूक दहा टक्क्यांहून मोठी ठरते. म्हणून स्वयंपाकघरातला काटा येथे उपयोगाचा नाही. बाटलीवरचे प्रमाण वजनाचे आहे की घनफळाचे, हेही आधी वाचावे. हार्डनर जरा जास्त घातल्याने रेझिन लवकर घट्ट होते, हा समज तर सर्रास आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. तसे मिश्रण कायमचे मऊ राहू शकते.

मिश्रण तीन-चार मिनिटे सावकाश, पेल्याच्या कडा आणि तळ खरवडत ढवळावे आणि बारीक धारेने एका कोपऱ्यातून ओतावे. व्यावसायिक कारागीर बुडबुडे दाबण्यासाठी दाबाचे भांडे वापरतात, परंतु घरातल्या प्रेशर कुकरवर तो प्रयोग मुळीच करू नये. नायट्राइलचे हातमोजे घालणे आवश्यक आहे, कारण कच्च्या इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर साथ सोडत नाही.

बाटलीवर 24 तास लिहिलेले असले तरी छिद्र पाडण्यापूर्वी मी तीन दिवस थांबतो. नखाने दाबून वळ उमटत असेल तर आणखी थांबावे. ठोकळ्याचे दोन भाग नळ्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब कापावेत आणि 7 मिलिमीटरच्या बिटाने छिद्र पाडताना दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून कीस झाडावा. बिट तापला की रेझिन मऊ होऊन त्यालाच गुंडाळते आणि ठोकळा तडकतो. पलीकडच्या टोकाला टाकाऊ लाकूड टेकवले तर बिट बाहेर पडताना कपची उडत नाही.

येथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. पहिल्या पेनात शिंपला सुरेख बसला होता, पण पारदर्शक रेझिनमधून आतली पितळी नळी आणि तिच्यावरचे गोंदाचे ओघळ आरपार दिसत होते, आणि तोवर करण्यासारखे काही उरले नव्हते. नळी बाहेरून पॉलिश पेपरने खरवडून काळ्या रंगात रंगवावी आणि छिद्राची आतली बाजूही त्याच रंगाने रंगवावी. काळ्यावर शिंपल्याची झळाळी अधिक खुलते. रंग वाळल्यावर नळीचे तोंड बटाट्याच्या चकतीत दाबून बंद करावे, म्हणजे आत गोंद जात नाही, आणि सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने फिरवत फिरवत ती आत बसवावी. दुसऱ्या दिवशी टोके नळीच्या कडेपर्यंत सपाट करावीत.

लेथवर, म्हणजे कातण्याच्या यंत्रावर, दोन्ही भाग मँड्रेलमध्ये (नळ्यांतून जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर) बुशांसह, म्हणजे पेनाची अंतिम जाडी दाखवणाऱ्या धातूच्या कड्यांसह, चढवावेत. संचाच्या मापाचे बुश मिळाले नाहीत, तर ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये नमुना दाखवून ते कातून घेता येतील. चौकोनी कोपरे उडेपर्यंत हात अतिशय हलका ठेवावा आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल असल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. धारदार पटाशीखाली सागवानाचा भुगा उडतो, तर रेझिनच्या शेवयांसारख्या लांब पांढऱ्या फिती निघून मँड्रेलभोवती गुंडाळतात. त्या यंत्र थांबवूनच काढाव्यात. फितींऐवजी टवके उडू लागले तर पटाशीची धार गेली आहे. सोसायटीत राहणाऱ्यांनी दुपारची दोन ते चार ही वेळ टाळलेली बरी.

बुशाच्या मापाला किंचित कमी इतके कातून थांबावे, कारण चकाकीचे थर त्यावर जाडी चढवतात. 240 पासून 600 क्रमांकापर्यंतचे पॉलिश पेपर लावताना प्रत्येक टप्प्याला यंत्र थांबवून लांबीच्या दिशेनेही घासावे. पितळी पट्टी असेल तर तिची काळी धूळ सागवानाच्या छिद्रांत शिरते, म्हणून ती वरचेवर फुंकून काढावी. त्यानंतर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद, कागदी रुमालावर घेऊन आठ-दहा पातळ थर द्यावेत. सुती कापड वापरू नये, त्यावर हा गोंद तापून धूर करतो. शेवटी बारीक पॅडांनी पाण्यात घासले की लाकूड आणि रेझिन यांतली कड बोटाला जाणवत नाही.

जोडणी शिकंज्यात, दोन्ही बाजूंना लाकडी तुकडे लावून करावी. खालच्या भागात आधी टोक दाबावे. मग दुसऱ्या बाजूने फिरकीची यंत्रणा थोडीशी दाबून रिफिल लावून पाहावे आणि पुन्हा तसूभर दाबावे. ती गरजेपेक्षा आत गेली तर रिफिलचे टोक मिटवल्यावरही बाहेरच राहते आणि यंत्रणा मागे ओढून काढताना बहुधा नळी सुटते.