ट्रोम्सोतला हिवाळा: हिरवा उजेड आणि बधिर बोटं

पुण्यात चार वर्षं लग्नांचे फोटो काढले आणि मग शिकायला नॉर्वेत, ट्रोम्सोला आले. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला 20 तास काम करता येतं. मला ते मिळालं अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशातला रंगीत उजेड, दाखवायला नेणाऱ्या एका मिनीबसवर. गाडी चालवणारा गाइड वेगळा. मी पाहुण्यांचे कॅमेरे लावून द्यायचे, त्यांचे फोटो काढायचे, शेकोटी पेटवायची आणि सूप वाढायचं. कॅमेऱ्याचा अनुभव आहे म्हणून घेतलं होतं, आणि पहिल्याच रात्री तो अनुभव उघडा पडला.

फिनलंडच्या सीमेजवळ होतो, उणे 24. एका ठळक ताऱ्यावर हाताने फोकस केला, चोख. मग जाड हातमोजा चढवताना रिंगला धक्का लागला असणार. मागच्या छोट्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. खोलीवर येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर 140 फोटोंतले तारे शेंगदाण्याएवढे. सकाळी पाहुण्यांना काय तोंड दाखवू असं झालं. तेव्हापासून फोकस झाला की रिंगवर कागदी चिकटपट्टी लावते आणि दर पंधरा मिनिटांनी फोटो पूर्ण मोठा करून तारा बघते.

सेटिंगबद्दल सगळे विचारतात, आणि तेच सर्वांत सोपं आहे. रुंद लेन्स, छिद्र (अ‍ॅपर्चर) f/2.8 किंवा त्याहून उघडं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600 ते 3200, रॉ म्हणजे कच्ची फाइल, व्हाइट बॅलन्स 3800 केल्विनच्या आसपास पक्का. शटर मात्र आकाश बघून. अरोरा मंद, संथ असेल तर 8-10 सेकंद. पडद्यासारखा सळसळायला लागला की 2 सेकंदांवर या, नाहीतर घड्या पुसून नुसता हिरवा डाग उरतो. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढाच. अरोराचा हिरवा म्हणजे ऑक्सिजनचा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा उजेड, 557.7 नॅनोमीटर. फिल्टरच्या दोन पृष्ठभागांतून परतताना त्याची फोटोच्या मधोमध वर्तुळं उमटतात. ती नंतर निघत नाहीत.

व्हिडिओचं गणित निराळं. सेकंदाला 25 फ्रेम म्हटल्यावर शटर 1/25 पेक्षा लांब ठेवता येत नाही, म्हणून f/1.4 ची लेन्स आणि आयएसओ 12800 सुद्धा कमी पडतो. खरा व्हिडिओ जोरदार अरोराच्याच रात्री. एरवी टाइमलॅप्स, म्हणजे ओळीने काढलेले फोटो जोडून केलेली क्लिप, घ्या: 4 सेकंदांचा फोटो, 1 सेकंद विश्रांती. दहा सेकंदांच्या क्लिपला 250 फोटो, म्हणजे सुमारे 21 मिनिटं तिपाईला हात लावायचा नाही. आणि कुणीतरी पाहुणा कपाळावरची बॅटरी लावून समोरून जाणारच.

थंडीने कॅमेरा सहसा बिघडत नाही, बॅटरी मात्र बसते. जादाच्या दोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. लेन्सजवळ श्वास सोडू नका, लगेच गोठतो. मी लेन्सभोवती रबरबँडने हात शेकायची पुडी बांधते. बसमध्ये शिरण्याआधी कार्ड बाहेर काढायचं आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा, म्हणजे उबेतलं दव पिशवीवर साचतं, लेन्सवर नाही.

आता खरं काम: ढग. नवखे लोक केपी आकड्याच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणाऱ्या 0 ते 9 च्या आकड्याच्या, मागे लागतात. ट्रोम्सो अरोराच्या पट्ट्याखालीच आहे, इथे केपी 2 सुद्धा पुरतो. सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या आणि अरोरा पेटवणाऱ्या कणांची, खबर पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या यानांकडून अर्धा-पाऊण तास आधी मिळते. (सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान आदित्य-एल1 त्याच भागात आहे, त्यातली एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची. गाइडला हे सांगताना उगाच कॉलर ताठ झाली.) पण समुद्रावरून ढग आले की या आकड्यांचं लोणचं घाला. मग ई-8 रस्त्याने डोंगर ओलांडून आत स्किबोटनकडे जायचं. तिथली हवा कोरडी. विद्यापीठाची वेधशाळा उगाच तिथे नाही. तिथेही झाकोळ असेल तर पुढे सीमेपलीकडचं फिनलंडमधलं किल्पिसयार्वी, ट्रोम्सोपासून दीडशे-एक किलोमीटर. किनाऱ्यावर उणे 5 असताना आत उणे 25 असू शकतं, तेव्हा कपडे आतल्या थंडीचे घ्या. रस्त्याकडेला उभं राहताना चमकणारं जाकीट हवंच.

पाहुण्यांना एक गोष्ट निघतानाच सांगते: मंद अरोरा डोळ्याला राखाडी दिसतो, कॅमेऱ्याला हिरवा. अंधुक उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. हे न सांगितल्यास फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही. क्षितिजावरचा पांढुरका पट्टा ढग की अरोरा, हे एक चाचणी फोटो काढून कळतं.

लग्नाचा अनुभव एका जागी कामी आला. अरोरा कधी कधी थेट डोक्यावर येऊन फुटतो, कडांना जांभळा-गुलाबी, आणि दोन मिनिटांत ओसरतो. शेवटच्या ‘सावधान’ला अक्षता पडतात तसं; तेव्हा लेन्स बदलत बसलात तर गेलं.

यायचं ठरत असेल तर सराव तिकडेच करा. अमावास्येच्या आसपास भंडारदऱ्यासारख्या काळोख्या जागी जा, नाहीतर गच्चीवर. दिवा न लावता, जाड हातमोजे घालून तिपाई उभी करायची, ताऱ्यावर फोकस, चिकटपट्टी, बॅटरी बदल, सगळं पाच मिनिटांत. मी सुट्टीत घरी मे महिन्यात हे करत होते. आई पापड आत घ्यायला वर आली, हातमोज्यांकडे बघितलं आणि काही न बोलता खाली गेली.