खाम आणि आम्दोचे स्थानिक पुढारी : 1950 नंतरचा त्यांचा इतिहास नागपुरात राहून कसा अभ्यासावा

तिबेटचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा ल्हासा, दलाई लामा आणि 1959 चा उठाव यांच्याभोवतीच फिरते. प्रत्यक्षात कम्युनिस्ट प्रशासनाशी तिबेटी समाजाची पहिली गाठ पडली ती ल्हासाच्या बरीच पूर्वेला, खाम (पूर्व तिबेट) आणि आम्दोच्या (ईशान्य तिबेट) खोऱ्यांत. आणि तिथे ती पडली गावोगावच्या वतनदारांमार्फत, मठाधिपतींमार्फत आणि टोळीप्रमुखांमार्फत. नागपुरात इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या किंवा वाचनमंडळ चालवणाऱ्या कोणालाही या पुढाऱ्यांवर टिपण अथवा लघुप्रबंध लिहायचा असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावे, हे इथे मांडले आहे.

सुरुवात नकाशापासून करावी आणि त्यासाठी आजचा प्रशासकीय नकाशा पुरेसा मानू नये. द्रिचू, म्हणजे यांगत्सेचा वरचा प्रवाह, ही रेषा आधी ठळक काढावी. तिच्या पश्चिमेला छामदो ल्हासाच्या सरकारच्या ताब्यात होते. पूर्वेकडील खाम चीनच्या शीकांग प्रांतात मोडत असे. हा प्रांत 1939 मध्ये औपचारिकपणे स्थापन झाला आणि ल्यू वनह्वी हा सेनानी तिथे राज्य करीत होता, पण दार्त्सेदो (चिनी नाव कांगदिंग) शहरापासून दूर गेले की त्याचा हुकूम विरळ होत जाई. देर्गे, लिथांग, बाथांग, न्यारोंग ही नावे नकाशावर स्वतःच्या हाताने लिहावीत. डिसेंबर 1949 मध्ये ल्यू वनह्वी कम्युनिस्टांच्या बाजूला गेला, मार्च 1950 मध्ये त्यांची जनमुक्ती सेना दार्त्सेदोत पोहोचली आणि 24 नोव्हेंबर 1950 रोजी तिथे शीकांगचा तिबेटी स्वायत्त प्रदेश जाहीर झाला. म्हणजे तिबेटला चीनचा भाग ठरवणारा सतरा कलमी करार ल्हासाशी 23 मे 1951 रोजी होण्याच्या सहा महिने आधीच पूर्व खाममध्ये नवे प्रशासन उभे होते. हा क्रम ध्यानात न घेता लिहिलेली टिपणे पुढे कशी फसतात, हे वेगळे सांगायला नको.

यानंतर एकच व्यक्ती निवडावी. पाच-सहा पुढाऱ्यांचा धावता आढावा घेण्याचा मोह होतो, पण त्यातून हाती केवळ नावे लागतात. निवडलेल्या व्यक्तीसाठी एक कार्ड करून त्यावर तिने धारण केलेली पदे आणि त्या प्रत्येक पदाआधीची तिची स्थिती नोंदवावी. देर्गेच्या जागो तोपदेनचे उदाहरण घेऊ. हा देर्गेच्या राजघराण्याचा वजनदार सरदार. 1936 मध्ये लाल सेना (कम्युनिस्टांच्या सैन्याचे तेव्हाचे नाव) खाममधून जात असताना तो तिच्याशी लढला आणि पकडला गेला. त्याला ठार न मारता सन्मानाने वागवण्यात आले आणि त्या वर्षी कांझे इथे लाल सेनेच्या पाठबळाने स्थापन झालेल्या अल्पजीवी तिबेटी सरकारात तो सामील झाला. 1950 मध्ये नव्या स्वायत्त प्रदेशाच्या उपाध्यक्षांत त्याचे नाव दिसते. अध्यक्षपद मात्र सांग्ये येशे या ग्यारोंग (खामच्या पूर्वेकडील तिबेटी प्रदेश) इथल्या तिबेट्याकडे गेले, जो 1935 मध्येच लाल सेनेत भरती झाला होता. कार्डावर ही दोन नावे शेजारी ठेवली की रचना आपोआप उलगडते : अध्यक्ष पक्षात घडलेला माणूस आणि उपाध्यक्ष ज्याच्या शब्दावर देर्गेचे लोक चालत असा सरदार. केवळ 1950 ची नोंद पाहिली, तर तोपदेन ऐनवेळी फिरला असे वाटते. 1936 ची नोंद जोडली की जुने संबंध आणि घराण्यांतर्गत चढाओढ दोन्ही डोळ्यांसमोर येतात.

पद आणि सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या अभ्यासाचे सार आहे असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी प्रत्येक पुढाऱ्याबद्दल तेच ते साधे प्रश्न विचारावेत. धान्याचा वसूल कोणाच्या कोठारात जात होता? प्रवासी अधिकाऱ्यांसाठी जनावरे आणि माणसे फुकट पुरवण्याची ‘उला’ ही वेठ कोणाच्या हुकमाने निघत होती? भांडणे कोण मिटवत होता? बंदुका कोणाच्या घरी होत्या? मठाशी नाते काय होते? आपल्या विदर्भात असे प्रश्न विचारणे अवघड नाही, कारण 1951 मध्ये मालगुजारी संपली, तेव्हा मालगुजाराच्या हातून नेमके काय गेले आणि काय राहिले, याच्या आठवणी अजून अनेक घरांत आहेत. मालगुजाराची ही तुलना मात्र प्रश्न सुचण्यापुरतीच वापरावी, निष्कर्षासाठी नव्हे. आपल्याकडे तो बदल विधिमंडळाच्या कायद्याने झाला आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येत होते. खाममध्ये अशी कोणतीही वाट नव्हती.

आता कालक्रमाकडे वळावे. 1950 ते 1955 हा टप्पा आणि 1956 नंतरचा टप्पा वेगवेगळ्या पानांवर मांडावा. पहिल्या टप्प्यात नव्या प्रशासनाला या पुढाऱ्यांची निकड होती आणि तिचे कारण विचारापेक्षा पोटाशी अधिक जोडलेले होते : ल्हासाकडे निघालेल्या सैन्याला धान्य हवे होते आणि ते वाहून न्यायला याक हवे होते. ऑक्टोबर 1950 मधील छामदोची लढाई आणि त्यानंतरची कूच यांमागचा रसद-पुरवठा स्थानिक घराण्यांच्या शब्दाविना होणे कठीण होते. म्हणून पदे, मानधन, बीजिंगची निमंत्रणे आणि जमिनीला हात न लावण्याचे आश्वासन. 25 डिसेंबर 1954 रोजी शीकांगहून आणि छिंगहायहून ल्हासाला जाणारे दोन्ही मोटाररस्ते खुले झाले. पुढच्याच वर्षी शीकांग प्रांत मोडून सछ्वान प्रांतात विलीन झाला आणि लगोलग ‘लोकशाही सुधारणा’ सुरू झाल्या : जमिनीचे फेरवाटप, जुन्या मालकांविरुद्ध जाहीर सभा, शस्त्रे जमा करण्याचे आदेश. रस्ता हे एकमेव कारण नव्हते. चीनभर सामूहिकीकरणाचा वेग वाढला होता. तरीही याकचा तांडा ज्याच्या हाती त्याचे वजन मोटारी आल्यावर घटणार, हे उघड आहे, आणि ही जोडणी टिपणात अवश्य दाखवावी.

1956 चा टप्पा लिहिताना न्यारोंगवर थोडे थांबावे. तिथल्या ग्यारी घराण्याचा प्रमुख ग्यारी न्यीमा दार्त्सेदोला गेलेला असताना त्याची पत्नी दोर्जे युदोन हिने उठावाचे नेतृत्व हाती घेतले आणि चिनी तुकडीला तिथल्या जुन्या गढीत वेढले. त्याच वर्षी लिथांगच्या मठावर विमानांतून बॉम्ब टाकले गेले. ज्या घराण्यांना आधी मानाची पदे मिळाली होती, त्यांच्यापैकीच काहींच्या घरात एक माणूस सरकारी पदावर आणि दुसरा डोंगरात, अशी स्थिती झाली. त्यामुळे ‘फितूर’ आणि ‘देशभक्त’ अशा दोन खणांत माणसे टाकण्याची घाई करू नये. 1950 मध्ये सही करणाऱ्याला 1956 ठाऊक नव्हते. त्याला तेव्हा जे दिसत होते तेवढ्याच आधारावर त्याचा निर्णय तोलणे हे आपले काम आहे.

आम्दोतून निदान एक उदाहरण तुलनेसाठी घ्यावे. लाब्रांग या मोठ्या मठाच्या गावचा आपा आलो हा तिथल्या पाचव्या जामयांग शेपा या अवतारी लामाचा भाऊ आणि स्थानिक फौजेचा प्रमुख. 1953 मध्ये गान्नान तिबेटी स्वायत्त विभाग स्थापन झाल्यावर तो त्याचा प्रमुख झाला आणि दीर्घायुषी ठरला. याउलट छिंगहायमधील नांग्राचा प्रमुख श्यांग छ्यान अनेक वाटाघाटींनंतर 1952 मध्ये शरण आला, त्यालाही पद मिळाले, पण 1958 मध्ये अटक होऊन तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. दोघांच्या नशिबातला हा फरक का पडला, या एका प्रश्नावरही चांगला लघुप्रबंध उभा राहू शकतो.

साधने तीन प्रकारची मिळतात आणि तिन्ही परस्परांवर घासून पाहावी लागतात. चीनमध्ये राजकीय सल्लागार परिषदेने छापलेल्या आठवणींच्या मालिकेत पदांच्या तारखा सहसा सापडतात, पण लिहिणारा कोणाच्या नजरेखाली लिहीत होता हे विसरू नये. निर्वासितांच्या आत्मकथनांत गावाचे, घराण्याचे, माणसांचे तपशील समृद्ध असतात आणि तारखा अनेकदा सैल. तिसरा प्रकार भारत सरकारच्या कागदांचा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ नागपुरातून सहज पाहता येते. शोध घेताना एकाच व्यक्तीची तिबेटी आणि चिनी अशी दोन्ही नावे कार्डावर हवीत, कारण सांग्ये येशे चिनी कागदांत थ्यान पाओ म्हणून येतो आणि आपा आलो ह्वांग चंगछिंग म्हणून. हे न केल्यास एका माणसाची दोन माणसे होतात. जिथे साधने एकमेकांच्या विरोधात जातात, तिथे दोन्ही बाजू नोंदवून थांबावे. खाममधील बेरी मठाचे गेदा तुल्कू (अवतारी लामा) चीनच्या वतीने वाटाघाटीसाठी छामदोला गेले असता ऑगस्ट 1950 मध्ये वारले. चीनने ब्रिटिश रेडिओचालक रॉबर्ट फोर्ड यांच्यावर विषप्रयोगाचा आरोप ठेवला आणि फोर्ड यांनी तो नाकारला. अशा मृत्यूचे कारण आपल्या लेखणीने ठरवून टाकू नये.

नागपूरकरांना एक मोठी सोय आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. तिथे जाण्याआधी वसाहतीच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी, दुभाषा तिथलाच असावा आणि हिवाळ्यात बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात, हे लक्षात घेऊन दिवस ठरवावेत. आजोबा-आजींसमोर बसल्यावर पहिलाच प्रश्न ‘तुमच्या गावचा प्रमुख चिन्यांना मिळाला होता का’ असा असू नये. ‘गावात जनावरे कोणाकडे द्यावी लागत’, ‘तंटा झाला तर कोणाच्या दारी जात’, असे विचारावे. त्यातून प्रमुखाचे नाव, त्याचा स्वभाव आणि नंतर त्याचे काय झाले, हे ओघाने येते. ध्वनिमुद्रण संमतीनेच करावे. ज्यांचे नातेवाईक आजही तिकडे राहतात, त्यांचे नाव व गाव लेखनात देऊ नये, त्यांनी स्वतः हरकत घेतली नाही तरीही.

लिहायला बसताना शीर्षकात एक प्रदेश, एक व्यक्ती किंवा घराणे आणि वर्षांची मर्यादा असावी, उदाहरणार्थ ‘देर्गे, जागो घराणे, 1936 ते 1956’. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ती व्यक्ती त्या क्षणी कोणाला काय हुकूम देऊ शकत होती, हे एका परिच्छेदात नोंदवावे. 1962 मध्ये दहाव्या पांचेन लामांनी (दलाई लामांखालोखाल मानाचे धर्मगुरू) चिनी नेतृत्वाला सादर केलेले सत्तर हजार अक्षरांचे निवेदन त्यानंतर वाचावे. त्यात छिंगहाय, गान्सू, सछ्वान आणि युन्नानमधील तिबेटी भागांची स्थितीही आहे, आणि आधीच्या कार्डांवरील कोणती नोंद पुन्हा तपासायला हवी, हे त्या वाचनात लक्षात येते.