इन्फ्लुएन्सरचा ड्राफ्ट आला: ब्रँडने काय तपासायचं, मंजुरी कशी द्यायची

मंजुरीच्या वेळी होणारे बहुतेक वाद ड्राफ्ट येण्याआधीच पेरलेले असतात. ब्रीफमध्ये, म्हणजे ब्रँडने दिलेल्या कामाच्या सूचनापत्रात, 'उत्पादनाचे फायदे सांगा' एवढंच लिहिलेलं असतं, क्रिएटर (म्हणजे इन्फ्लुएन्सर) आपल्या समजुतीने फायदे सांगतो आणि व्हिडिओ हातात आल्यावर ब्रँडच्या लक्षात येतं की त्यातल्या एका दाव्याला आपल्याकडे पुरावाच नाही. तोवर शूट आणि एडिट दोन्ही उरकलेलं असतं. आता चूक कुणाची, यावर मेल सुरू होतात.

म्हणून ब्रीफ दोन पानांत बसेल इतकाच ठेवा, पण त्यात या गोष्टी असायलाच हव्यात: उत्पादनाचं नेमकं नाव आणि त्याचा उच्चार, सांगायचे जास्तीत जास्त तीन मुद्दे, करता येतील असे दावे त्यांच्या शब्दांसह, जे बोलायचं नाही त्याची यादी, जाहिरातीचं लेबल कुठे नि कसं लावायचं, टॅग, लिंक, कूपन कोड आणि तारखा. सुधारणेच्या किती फेऱ्या मिळणार हे करारातच लिहा. दोन फेऱ्या पुरतात. ब्रीफमध्ये नसलेली मागणी नंतर आली आणि त्यासाठी रिशूट लागलं, तर त्याचे पैसे ब्रँडने द्यायचे, हेही तिथेच ठरवून टाका. ही एक ओळ असली की ब्रँडच्या बाजूची माणसं ब्रीफ नीट वाचायला लागतात.

आधी कागदावर, मग कॅमेऱ्यासमोर

मंजुरी दोन टप्प्यांत घ्या. पहिल्यांदा स्क्रिप्ट किंवा निदान मुद्द्यांची रूपरेषा, आणि ती मान्य झाल्यावर व्हिडिओचा ड्राफ्ट. चुकीचा दावा स्क्रिप्टमधून खोडायला एक मिनिट लागतं. तोच व्हिडिओत बोलला गेला असेल तर पुन्हा तोच प्रकाश, तेच कपडे, तीच जागा जमवावी लागते. मात्र स्क्रिप्ट शब्दन् शब्द बांधून टाकू नका. दावे आणि नावं पक्की ठेवा, बाकीचं क्रिएटरच्या बोलीवर सोडा.

वेळापत्रक प्रकाशनाच्या दिवसापासून उलटं मोजत या. साध्या रीलसाठी ड्राफ्ट निदान सात कामाचे दिवस आधी हवा: ब्रँडच्या पहिल्या उत्तराला दोन, दुरुस्तीला दोन, दुसऱ्या तपासणीला एक, आणि दोन हाताशी. औषध, आर्थिक सेवा किंवा लहान मुलांसाठीचं उत्पादन असेल तर कायदा विभागासाठी आणखी तीन-चार दिवस धरा.

ड्राफ्ट व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका. तिथे फाइल लहान करण्यासाठी तो दाबला जातो (कॉम्प्रेस होतो), आणि मग दर्जा खराब कशामुळे दिसतोय तेच कळत नाही. ड्राइव्हची लिंक चालेल. यूट्यूबचा अनलिस्टेड व्हिडिओही चालेल, फक्त लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला तो दिसतो, हे विसरू नका. फाइलच्या नावात आवृत्ती क्रमांक असावा. व्हिडिओसोबत कॅप्शन, कव्हर किंवा थंबनेल आणि पिन करायची कमेंटही मागवा. व्हिडिओ निर्दोष आणि कॅप्शनमध्ये भलताच दावा, असं सर्रास होतं.

तपासणी

पहिल्यांदा फोनवर, आवाजासह, मध्ये न थांबता बघा, कारण प्रेक्षकही तसाच बघणार आहे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा: सबटायटल पुरेशी आहेत का, उत्पादनाचं नाव बरोबर लिहिलंय का? उभ्या व्हिडिओत, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेलच्या चौकटीत, खालचा भाग कॅप्शनने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते. कूपन कोड तिथे असेल तर तो कुणालाच वाचता येणार नाही. तिसऱ्यांदा थांबत थांबत बघा आणि प्रत्येक दाव्यासमोर वेळ लिहा.

दावे हा तपासणीचा गाभा आहे. 'सर्वोत्तम', 'शंभर टक्के', 'सात दिवसांत', 'डॉक्टरही हेच सांगतात' यांपैकी काही ऐकू आलं की एकच प्रश्न विचारा: याचा कागद आपल्या फाइलमध्ये आहे का? 'माझ्या मते' असं जोडल्याने दावा सुटत नाही. ज्याने वस्तू वापरलीच नाही त्याने वापराचा अनुभव सांगू नये, तेव्हा नमुना वेळेवर पोहोचला होता की नाही तेही बघा. परवा पोहोचलेल्या क्रीमबद्दल 'महिनाभर वापरतेय' हे वाक्य मंजूर करणारा ब्रँडही तितकाच अडकतो. आधी-नंतरच्या फोटोंत प्रकाश आणि कोन सारखा हवा. सौंदर्यप्रसाधनांत फिल्टर तपासा: उत्पादनाचा परिणाम फुगवून दाखवणाऱ्या फिल्टरवर ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२१ मध्ये स्पष्ट आक्षेप घेतला आहे.

पुढे लेबल. प्लॅटफॉर्मची स्वतःची सोय वापरायचीच: इन्स्टाग्रामवर पेड पार्टनरशिपचं लेबल, यूट्यूबवर सशुल्क जाहिरातीची खूण. पण तेवढ्यावर थांबू नका, व्हिडिओतही 'जाहिरात' हा शब्द दिसू द्या. अमेरिकेच्या एफटीसीचं, म्हणजे तिथल्या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी आयोगाचं, सांगणं आहे की व्हिडिओतली जाहिरात व्हिडिओतच उघड करावी, नुसत्या वर्णनात नाही. भारतात एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तर सेकंदही दिले आहेत: १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद, १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत उत्पादनाचा भाग चालू असेपर्यंत. प्रेक्षक ज्या देशात आहे तिथले नियम बघा. ब्रँडचं मुख्यालय कुठे आहे यावर थांबू नका. 'धन्यवाद अमुक ब्रँड' किंवा हॅशटॅगच्या गर्दीत सतरावा '#जाहिरात', याला लेबल म्हणत नाहीत.

हक्कांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. वैयक्तिक खात्याला ॲपमध्ये मिळणारी लोकप्रिय गाणी जाहिरातीसाठी परवान्यासह मिळालेली असतात असं समजू नका. नंतर आवाज काढला गेला तर व्हिडिओ मुका होतो, आणि पैसे लावून तो जास्त लोकांना दाखवायचा (बूस्ट करायचा) म्हटलं की गाणंच आड येतं. व्यावसायिक वापराला मोकळी असलेली लायब्ररी वापरायला सांगा. शिवाय मागे दिसणारे दुसऱ्या ब्रँडचे लोगो, अनोळखी चेहरे, मुलं, घराचा पत्ता, गाडीचा नंबर, स्क्रीनवर आलेली नोटिफिकेशन, हे सगळं थांबवूनच दिसतं.

अभिप्राय

तपासणारे चार असले तरी क्रिएटरकडे जाणारा आवाज एकच हवा. मार्केटिंगचा एक माणूस सगळ्यांचे मुद्दे गोळा करतो, एकमेकांविरुद्ध जाणारे आधी मिटवतो आणि एकच यादी पाठवतो. प्रत्येक मुद्द्यात वेळ, अडचण आणि काय करायचं ते असावं. '०:१४ ला "डाग कायमचे जातात" म्हटलंय, पुरावा नाही. "डाग फिके दिसतात" असं व्हॉइसओव्हरने बदला' हा उपयोगी अभिप्राय. 'जरा जास्त एनर्जी हवी' याचं कुणी काय करावं?

यादीचे दोन भाग करा: बदलायलाच हवं आणि जमलं तर बघा. पहिल्यात फक्त खोटं, बेकायदा, हक्काबाहेरचं किंवा ब्रीफमध्ये असून राहिलेलं. बोलण्याची ढब, विनोद, कपडे, एडिटची गती यात हात घालायचा मोह टाळा. त्या माणसाचे प्रेक्षक त्या ढबीसाठीच येतात; सहा जणांनी घासून गुळगुळीत केलेला व्हिडिओ ते दुसऱ्या सेकंदाला वर सरकवतात.

अंतिम मंजुरी आणि नंतरचा तास

चॅटवरचा अंगठा ही मंजुरी समजू नका. मेल करा: कोणती फाइल, कोणती आवृत्ती, कोणतं कॅप्शन, कधी प्रकाशित करायचं. मंजुरीनंतर फाइलला हात लागला तर ती पुन्हा दाखवावी लागेल, असं त्यातच लिहा. 'ठरल्या दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजूर' हे कलम क्रिएटर मागतात आणि ते रास्तही आहे, पण आरोग्य किंवा पैशांशी संबंधित दाव्यांना ते लावू नका.

प्रकाशित झाल्यावर तासाभरात लिंक उघडते का, कोड चालतो का, टॅग योग्य खात्याला गेलाय का आणि लेबल दिसतंय का ते बघा. इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतर बदलता येतं, व्हिडिओ मात्र बदलता येत नाही. काढून नवा टाकला की आधीचे लाइक्स आणि कमेंट्स जातात. स्टोरी २४ तासांत जाते, तेव्हा स्क्रीनशॉट आणि आकडे त्याच दिवशी मागून घ्या. कमेंटमधल्या प्रश्नांना कोण उत्तर देणार हेही आधीच ठरवा, कारण तिथे क्रिएटरने केलेला दावाही जाहिरातीचाच भाग धरला जाऊ शकतो.

लाइव्हची मात्र आधी मंजुरी होत नाही. तिथे मुद्द्यांची आणि न बोलायच्या गोष्टींची यादी द्या, लेबल सतत दिसू द्या किंवा मधून मधून बोलायला सांगा, आणि चुकीचा दावा झालाच तर तिथल्या तिथे क्रिएटरला कळवणारा ब्रँडचा एक माणूस पूर्ण वेळ बसवा.